काकवी नव्हे, यीस्टचा अर्क!

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी कसबा बावड्यातल्याच एक आजी सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सून चार महिन्यांची गरोदर. तपासणीला सुरुवात करण्याआधीच आजींनी पिशवीतून पिवळ्या झाकणाची, बुटकी, काळी बरणी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टरीणबाई, ह्ये काय हाय ते आदी सांगा. थोरल्याच्या पोरानं लंडनवरनं आणलंय. मी काकवी समजून भाकरीवर घेतलं, तर तोंड नुसतं खारट खारट झालं!"

मला हसू आवरेना. बरणी उघडली तर आत खरोखरच काकवीसारखा दाट, काळपट, चमचा उलटा केला तरी लवकर न सुटणारा पदार्थ. बरणीवर नाव होतं 'मार्माइट'. यीस्टचा अर्क. इंग्लंडात हा पदार्थ टोस्टवर लोणी लावून त्यावर अगदी पातळ फासून खातात.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र पुढे होती. नातवानं आजींना सांगितलं होतं, की यात फॉलिक ॲसिड असतं, गरोदर बाईला ते चांगलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण सुनेनं त्यातून सोयीचा अर्थ काढला होता. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लाल गोळ्यांनी तिला मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं. गोळ्यांत जे असतं तेच बरणीत आहे, मग गोळ्या कशाला, असं म्हणून तिनं तीन आठवड्यांपासून गोळ्या बंद केल्या होत्या आणि रोज सकाळी नाक मुरडत एक चमचा हा काळा अर्क गरम पाण्यातून घेत होती. मी तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. आतली बाजू लालसर हवी, ती पांढुरकी दिसत होती. लगेच रक्त तपासायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला, त्याबद्दल पुढे सांगते. कारण त्या बरणीची एक गोष्ट आहे आणि ती लंडनइतकीच आपल्या मुंबईत, परळमध्ये घडलेली आहे. ती कळली म्हणजे सुनेचं कुठं चुकलं तेही आपोआप कळेल.

आधी यीस्ट म्हणजे काय ते पाहू. यीस्ट म्हणजे किण्व, डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय बुरशी. बेकरीतला पाव फुगतो तो हिच्यामुळे. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क बनतो तोही हिच्यामुळेच. हंगामात राजाराम कारखान्याकडून वारा आला की मळीचा वास बावडेकरांना वेगळा सांगावा लागत नाही. साखरेचा अंश मिळाला की यीस्ट तो खाते, वाढते, आणि काम संपलं की पिंपाच्या तळाशी गाळ होऊन बसते. युरोपातल्या बिअरच्या कारखान्यांत असा गाळ ढिगानं निघे. त्याचं करायचं काय, हा तिथला जुना प्रश्न. एकोणिसाव्या शतकात युस्टस लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की हा गाळ आटवून, बाटलीत भरून खाता येतो. पुढे १९०२ साली इंग्लंडमध्ये बर्टन गावात या कामासाठी कंपनीच निघाली. 'मार्माइट' हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ झाकणाचं स्वयंपाकाचं भांडं, आणि त्या भांड्याचं चित्र बरणीवर असतं. ऑस्ट्रेलियात १९२३ साली अशाच पदार्थाची विक्री सुरू झाली, तो 'व्हेजीमाइट'.

करण्याची रीत मोठी गमतीची आहे. यीस्टच्या गाळात मीठ घालून तो कोमट ठेवतात. मग यीस्टच्या पेशी मरतात आणि त्यांच्याच पोटातले पाचकरस त्यांना आतून विरघळवू लागतात. प्रथिनांचे लहान लहान तुकडे होतात. पेशींची टरफलं गाळून वेगळी काढतात आणि उरलेलं पाणी आटवत नेतात. गुऱ्हाळात रस आटून काकवी होते, तसा हा अर्क दाट आणि काळा होतो. म्हणजे आजींची गफलत दिसण्यापुरती तरी माफ करण्यासारखी होती!

प्रथिनं अशी फुटली की त्यातून ग्लुटामेट नावाचा पदार्थ मोकळा होतो. मटणाच्या अळणीला जी चव असते, जिभेवर रेंगाळणारी, ती बऱ्याच अंशी याच पदार्थाची. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी ही चव समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून शोधून काढली आणि तिला 'उमामी' असं नाव दिलं. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पंक्तीला ही पाचवी मूळ चव आता शास्त्रानं बसवली आहे. कोल्हापूरकरांना ती नाव नसताना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, हा भाग वेगळा.

आता परळची गोष्ट. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरणगावात गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगानं मरत होत्या. रक्त इतकं उतरायचं की बाई बाळंतपणापर्यंत पोचायची नाही, किंवा बाळंत होऊन उठायची नाही. या मृत्यूंची कारणं शोधायला डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी चौकशीचं काम हाती घेतलं होतं आणि त्यासाठी १९२८ साली इंग्लंडहून एक चाळिशीच्या डॉक्टरीणबाई परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. त्यांचं नाव ल्यूसी विल्स. जन्म १८८८ चा. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलेल्या, पण त्या काळी केंब्रिज विद्यापीठ बायकांना परीक्षा देऊ द्यायचं, पदवी मात्र द्यायचं नाही. नंतर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या १९२० साली डॉक्टर झाल्या.

विल्सबाईंनी आधी जंतूंचा संशय घेतला. तपासण्या केल्या, काही हाती लागलं नाही. मग त्यांनी मोर्चा वळवला तो बायकांच्या ताटाकडे. एस. एन. तळपदे या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या खाण्याची आणि राहणीची पाहणी केली. कोण काय खातं, भाजी किती, दूध किती, घरात उजेड-वारा किती. रोग गरीब घरांत जास्त, आणि त्या घरांत ताजी भाजी, फळं, दूध नावालाच. मला या बाईंचं सर्वांत कौतुक वाटतं ते इथं. प्रयोगशाळेत बसून नळ्या हलवणं सोपं असतं. दुसऱ्याच्या चुलीपर्यंत जाऊन "काल रात्री काय जेवलात?" हे विचारणं आणि खरं उत्तर मिळवणं फार अवघड. मी तीस वर्षं हा प्रश्न विचारते आहे. अजूनही पहिलं उत्तर "सगळं खातो की" असंच येतं.

मग त्यांनी तसाच निकस आहार उंदरांना दिला. गाभण उंदीर रोडावले, मरू लागले. त्याच आहारात यीस्ट मिसळलं तर तगले. (उंदरांच्या आजारात उवांमधून येणाऱ्या एका जंतूचाही हात होता हे पुढे कळलं, म्हणून बाई माकडांवरच्या प्रयोगांकडे वळल्या. शास्त्राचा रस्ता असा खाचखळग्यांचाच.) माकडांनाही यीस्टच्या अर्कानं गुण आला. तेव्हा हा अर्क स्वस्तात आणि सहज मिळे तो मार्माइटच्या रूपानं. तोच त्यांनी परळच्या आजारी बायकांना दिला.

थोड्याच दिवसांत फरक दिसू लागला. अन्नावरची वासना परत आली. रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी भराभर दिसू लागल्या. अंथरुणाला खिळलेल्या बायका उठून बसल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्सबाईंचा यावरचा लेख आला आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष टोस्टला लावायच्या या पदार्थाकडे गेलं. १९३४-३५ साली शेजारच्या सिलोनमध्ये मलेरियाची मोठी साथ आली तेव्हा अर्धपोटी, अशक्त रुग्णांना हाच अर्क देण्यात आला. श्रीलंकेत तो आजही आवडीनं खाल्ला जातो.

पण यात नेमकं काय होतं? तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या एका घातक पंडुरोगावर १९२६ पासून प्राण्यांचं काळीज खायला देत आणि त्याचा गुण येई. या बायकांनाही साधं, कमी शुद्ध केलेलं काळीज लागू पडे, पण फार शुद्ध केलेला काळजाचा अर्क लागू पडत नसे. म्हणजे दोन्ही रोग दिसायला जुळे, पण उपाय वेगळे! यीस्टमधल्या त्या अनोळखी गुणकारी पदार्थाला 'विल्स घटक' असं नाव पडलं. १९४१ साली अमेरिकेत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक घेऊन त्यातून एक आम्ल वेगळं काढलं. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून ते फॉलिक ॲसिड. विल्सबाईंचा घटक तो हाच. १९४५ च्या सुमारास ते प्रयोगशाळेत बनवण्यात यश आलं. अमेरिकेतल्या ज्या कंपनीत हे घडलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. परळच्या बायकांच्या रोगाचं औषध शेवटी एका भारतीयाच्या देखरेखीखाली तयार झालं, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं. असो.

आता सुनेच्या कागदाकडे येऊ. हिमोग्लोबिन ८.१. गरोदर बाईला निदान ११ हवं. पण त्याहून महत्त्वाचं त्या कागदावर दुसरं लिहिलेलं होतं. तांबड्या पेशी लहान आणि फिक्या. फॉलिक ॲसिड कमी पडतं तेव्हा पेशी उलट मोठ्या, बेढब होतात, कारण त्यांना वेळेवर विभागता येत नाही. पेशी लहान आणि फिक्या असतील तर पहिला संशय लोहाचा. परळच्या बायकांना जे कमी पडलं होतं ते बरणीत होतं. बावड्याच्या या मुलीला जे कमी पडत होतं ते बरणीत जवळपास नव्हतंच. ते होतं तिनं फडताळात ठेवून दिलेल्या लाल गोळ्यांत.

रक्त कमी आहे, एवढंच ऐकून आपण औषध शोधायला धावतो. कुणी बीट सांगतो, कुणी खजूर, कुणी टॉनिक. पण रक्त बनायला लोह लागतं, फॉलिक ॲसिड लागतं, बी-१२ जीवनसत्त्व लागतं, प्रथिनं लागतात. कशाची टंचाई आहे ते कळल्याशिवाय उपाय करणं म्हणजे दिवे गेले म्हणून नळ दुरुस्त करण्यासारखं आहे. आणि ही टंचाई थोडीथोडकी नाही. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्क्यांहून अधिक पंडुरोगी आढळल्या. म्हणजे बसमध्ये तुमच्या शेजारी बसलेल्या दोन बायकांपैकी एक.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. पहिल्या तीन महिन्यांत नुसतं फॉलिक ॲसिड. हिमोग्लोबिन फार उतरलेलं असेल तर डॉक्टर दोन गोळ्या सांगतात, तशा मी हिला सांगितल्या. शौचाला काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळे. त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर, रात्री झोपताना घ्यावी. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको. वर लिंबूपाणी घेतलं तर उत्तम. हे सगळं मी सुनेला सांगत असताना आजी मान डोलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे च्या गोळीच्या वैरी हाय म्हना की!" मी म्हणाले, अगदी बरोबर.

फॉलिक ॲसिडची आणखी एक गोष्ट लग्नाच्या मुली असलेल्या घरांनी ध्यानात ठेवावी. गर्भातल्या बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीवर उघडी गाठ राहते, किंवा कवटीच घडत नाही. १९९१ साली सात देशांत मिळून झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की असं बाळ आधी झालेल्या स्त्रियांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो. आता २८ दिवस म्हणजे किती? पाळी चुकली, आठवडाभर वाट पाहिली, सासूला सांगितलं, दवाखान्यात आलात, तोवर ते दिवस संपत आलेले असतात. म्हणून मूल हवं असं ठरलं की आदल्या महिन्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी. आधीचं बाळ तसं झालं असेल तर मात्रा बरीच मोठी लागते, ती डॉक्टरांनीच ठरवायची.

दुसरा प्रसंग एका माळकरी काकांचा. चाळीस वर्षांपूर्वी पंढरीची माळ घातली, मांस-मासे-अंडी सोडली. दूधही पोटाला सोसत नाही म्हणून बंद. पायांत मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो, अशी तक्रार घेऊन ते आले. थकवा येतो म्हणून त्यांनी आपल्याच मनानं दुकानातून फॉलिक ॲसिडचं टॉनिक आणून वर्षभर घेतलं होतं. हिमोग्लोबिन त्यानं बरं दिसत होतं, म्हणून ते निर्धास्त होते. खरी टंचाई होती बी-१२ ची. फॉलिक ॲसिड अशा वेळी रक्त सावरून घेतं, पण मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. बाहेरून भिंतीला रंग, आत वाळवी. त्यांना बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली. मुंग्या कमी झाल्या, तोल अजून पूर्ण सावरलेला नाही. दोन वर्षं आधी आले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हे इथं सांगायचं कारण असं, की यीस्टमध्ये बी-१२ असतं असा समज शाकाहारी घरांत पसरतो आहे. यीस्ट स्वतः बी-१२ बनवत नाही. काही बरण्यांत कारखानदार ते वरून घालतात, काहींत घालत नाहीत. बरणीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय भरवसा ठेवू नये, आणि मुंग्या-बधिरपणा असेल तर बरणी बाजूला ठेवून आधी रक्त तपासावं.

मग हा अर्क खाऊच नये का? खावा की! औषध म्हणून नव्हे, चवीसाठी. तो आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत आणि फोनवरून मागवूनही मिळतो, स्वस्त मात्र नाही. माझ्या स्वयंपाकघरात मी बरेच प्रयोग केले. खारी-बटरवर लावून पाहिला, खारटावर खारट झालं, सोडून दिला. टोस्टला भरपूर लोणी लावून त्यावर सुरीच्या टोकाएवढा फासला तर छान लागतो. पण खरा रंगला तो अख्ख्या मसुरात. मसूर शिजून कांदा-लसूण मसाल्यात परतला की शेवटी अर्धा चहाचा चमचा अर्क थोड्या गरम पाण्यात कालवून घालायचा. घरातल्या सामिष मंडळींनी "यात मटणाचा रस्सा घातलास का?" असं विचारलं. शाकाहारी पांढरा रस्सा करताना नारळाच्या दुधाला जी पोकळ चव येते, तीही चिमूटभर अर्कानं भरून निघते, मात्र रंग थोडा मळतो. उपवास सोडताना गरम पाण्यातून घेतला तर सूपसारखा लागतो. एकच नियम, आधी अर्क घाला, चव घ्या, मग हवं असेल तर मीठ.

कारण मीठ हाच याचा मोठा दोष. शंभर ग्रॅम अर्कात दहा ग्रॅमहून अधिक मीठ असू शकतं. म्हणजे एका भरल्या चमच्यात जवळजवळ ग्रॅमभर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा. आपल्याकडे ठेचा, लोणचं, पापड यांतच तो कोटा संपतो. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी यापासून लांब राहावं. वर्षाच्या आतल्या बाळाला तर चाटवूसुद्धा नये. शिवाय यात टायरामिन नावाचा पदार्थ भरपूर असतो. नैराश्यावरची काही जुन्या पद्धतीची औषधं आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिलं जाणारं लिनेझोलिड यांच्याशी त्याचं जमत नाही, रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा अर्क खाऊ नका. ज्यांना गहू-जवाचं ग्लुटेन सोसत नाही त्यांनीही बरणी तपासून घ्यावी, कारण बिअरचं यीस्ट जवावर वाढलेलं असतं.

आणि बरणी नसली म्हणून काही बिघडत नाही. फॉलिक ॲसिडचं कुटुंब, ज्याला फोलेट म्हणतात, ते आपल्या स्वयंपाकघरात जागोजागी आहे. मसूर, हरभरा, मूग, चवळी, शेंगदाणे, पालक, मेथी. गरोदर स्त्रीला दिवसाला ५७० मायक्रोग्रॅम फोलेट हवं असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. शिजलेल्या मसुराच्या एका वाटीतून त्याचा मोठा वाटा निघतो. तरीही एवढी गरज रोजच्या जेवणातून भागेलच असं नाही, म्हणून गोळी हवीच. अडचण दुसरीही आहे. फोलेट पाण्यात विरघळतं आणि फार वेळ उकळलं की नष्ट होतं. आपण पालेभाजी उकडतो आणि हिरवं पाणी मोरीत ओततो, तेव्हा विल्सबाईंचा घटक मोरीत जातो! त्या मानानं आपली आजी हुशार. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचं पाणी तिनं कधी टाकलं नाही. त्याचीच कटाची आमटी केली. पालेभाजी चिरण्याआधी धुवावी, चिरल्यावर नव्हे. कमी पाण्यात, झाकण ठेवून शिजवावी, आणि राहिलेलं पाणी आमटीत किंवा कणकेत घालावं. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, भिजवलेला हरभरा थोडा कच्चा खावा, स्वच्छ धुवून.

ल्यूसी विल्स १९६४ साली वारल्या. १० मे २०१९ रोजी त्यांच्या १३१ व्या जन्मदिनी गुगलनं आपल्या पानावर त्यांचं चित्र झळकवलं, तेव्हा कुठं अनेकांना हे नाव कळलं. परळच्या ज्या गिरणी कामगार बायकांनी तो खारट काळा अर्क पहिल्यांदा गिळला, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. आपल्या सुनांना मिळणाऱ्या गोळीतला अर्धा भाग मात्र त्यांच्याच आजारपणातून आलेला आहे.

दोन महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, आजी आणि सून पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन १०.३. पापणीला रंग आला होता. गोळ्या नियमित चालू होत्या. आजींनी म्हणे चहाचं भांडंच सकाळी नऊपर्यंत चुलीवर चढू द्यायचं नाही असा हुकूम काढला होता. मी म्हणाले, "आजी, गोळी रात्री, चहा सकाळी. घरादाराचा चहा कशाला बंद केलात?" तर म्हणाल्या, "असू दे. एकाला सोडलं की समदी सुटत्यात."

बरणी त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे ठेवली होती. आजींना रक्तदाब आहे, त्यामुळे त्यांना ती परत देण्याचा प्रश्नच नव्हता. जाताना दारातून वळून त्यांनी विचारलं, "ते काळं संपलं का वो तुमचं?"

म्हटलं, अजून निम्मं आहे.

"मग सावकाश संपवा. पर बरणी तेवढी टाकू नगासा. चटणी ठेवायला लई बेस हाय."